दारू सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

समुपदेशनाच्या कामात येण्याआधी मी पत्रकं लिहायचे. दारूविरोधी. डोंबिवलीतल्या आमच्या गटात यमक जुळवायचं काम माझ्याकडे होतं. ‘बाटली फोडा, संसार जोडा’ हे माझं. पत्रकावरचा दारुडा ठरलेला असायचा: फाटका शर्ट, वाढलेली दाढी, गटाराच्या कडेला आडवा. शेजारी बायको, पदराने डोळे पुसणारी. चित्र काढणारी पोरं बदलत गेली, पदर तोच राहिला. आम्ही एक दारूचं दुकान बंद पाडलं. ते दोन गल्ल्या सोडून पुन्हा उघडलं, एसी लावून, जास्त उजेडाचं. उद्घाटनाला आमचाच नगरसेवक. तेव्हा मी यमकं बंद केली. समाजकार्याची पदवी पडून होती ती बाहेर काढली आणि कळव्यातल्या एका समुपदेशन केंद्रात नोकरीला लागले.

केंद्र म्हणजे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. शेजारी दातांचा दवाखाना आणि मधली भिंत पातळ. कोणी रडायला लागलं की नेमकं पलीकडे दात कोरायचं मशीन सुरू व्हायचं. आधी मला राग यायचा. मग लक्षात आलं की मशीन चालू असतानाच लोक मोकळं बोलतात, कारण तेवढ्या वेळात बाहेर बाकावर बसलेल्या सासूला काही ऐकू येत नाही.

केंद्र चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. येणारे लोक त्यांना मोठ्या मॅडम म्हणायचे आणि मला छोट्या. मोठ्या मॅडमची कामाची पद्धत साधी होती. पहिल्यांदा नवराबायकोला एकत्र बसवायचं, मग एकेकट्याला. एकट्याने सांगितलेलं आपण दुसऱ्याला सांगायचं नाही. पण ती गोष्ट त्यांच्या संसाराच्या मुळावर येणारी असेल, तर ज्याची त्याने जाऊन सांगायची. सांगेपर्यंत जोडप्याची एकत्र बैठक बंद. “आपण लोकांची गुपितं ठेवायची तिजोरी नाही,” त्या म्हणायच्या. मला हा नियम फार मवाळ वाटायचा. मी असते तर सरळ सांगून मोकळी झाले असते.

बाळकुमचं जोडपं आलं ते मे महिन्यात. तो पस्तिशीचा, इस्त्रीचा लिननचा शर्ट, गळ्यात जाड चेन. गाडीची चावी त्याने टेबलावर ठेवली. माझ्या पत्रकातला एकही दारुडा गाडीने आलेला नव्हता. बायको त्याच्याहून थोडी लहान, विठ्ठलवाडी स्टेशनवरून रिक्षाने जावं लागतं अशा एका गावची. तिने पदर नाही, पंजाबी ड्रेसची ओढणी घेतलेली, आणि डोळे अजिबात पुसत नव्हती.

घरची हकीकत तिनेच सांगितली. सासरे लहानपणी मिठागरावर राबलेले. पुढे जमीन बिल्डरकडे गेली, तिथे टॉवर उभे राहिले, त्यातले काही फ्लॅट आणि खालचे गाळे घराला मिळाले. गाळ्यांचं भाडं गोळा करणं हे मोठ्या मुलाचं काम. महिन्यातल्या एका सकाळी ते संपायचं. उरलेला महिना त्याला कोणी विचारत नव्हतं. मी कितीतरी पत्रकं लिहिली, पण हातातलं काम काढून घेतल्यावर माणसाचं काय होतं यावर एक ओळ लिहिली नव्हती. कोणीच लिहीत नाही. बिल्डरच्या जाहिरातीत तर नाहीच नाही.

मोठ्या मॅडमनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला. “काय झालं तर तुम्ही हे घर सोडाल?”

“प्यायले तर भांडेन,” ती म्हणाली. “ते मला जमतं. खोटं बोलले तर जाईन.”

तो हसला. “भांडते ना, मॅडम. आख्खा टॉवर ऐकतो.”

“टॉवर ऐकतो, कारण तुम्ही लिफ्टमध्ये झोपलेले असता.”

मग तिने खोट्याचं उदाहरण दिलं. तिच्या वडिलांना दवाखान्यातून घरी सोडणार होते. जावई म्हणाला, मी गाडी घेऊन निघालोय. म्हातारा दवाखान्याच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर दुपार टळेपर्यंत बसून राहिला, मांडीवर गोळ्यांची पिशवी. फोन केला की हा म्हणायचा, ट्रॅफिक आहे, आलोच. तो निघालाच नव्हता. नाक्यावरच्या बारमध्ये बसून तो ट्रॅफिकची माहिती देत होता.

“प्यायले त्याचं मला तेवढं नाही वाटलं,” ती म्हणाली. “पण बाबा दर गाडीला उठून उभे राहत होते.”

तो टेबलावरच्या चावीकडे बघत होता. हसणं थांबलेलं.

त्याने दारू सोडली. काही दिवस दवाखान्यात, मग गोळ्या, मग दर आठवड्याला आमच्याकडे. सोडणारा माणूस दिसायला कंटाळवाणा असतो, हे मला तेव्हा कळलं. तो चहाबद्दल बोलायचा, झोपेबद्दल बोलायचा, मुलीला शाळेत सोडायला जातो तेव्हा बाकीच्या आया कशा बघतात ते सांगायचा. पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. गणपतीत घरी पत्त्यांचा डाव बसला तेव्हा तो गच्चीत जाऊन मुलीबरोबर कॅरम खेळला. बायको सांगताना म्हणाली, “कॅरममध्ये हरले पण.” तिच्या तोंडून ही मोठी स्तुती होती.

मग होळी आली. बाळकुमसारख्या जुन्या गावांत होळी म्हणजे लहान सण नाही. ती मुलीला घेऊन माहेरी गेलेली. हा बाळकुमलाच. होळीनंतरच्या त्याच्या एकट्याच्या बैठकीत तो बराच वेळ पंख्याकडे बघत बसला.

“काय झालं?” मी विचारलं.

“पलीकडचं मशीन चालू होऊ दे.”

मशीन सुरू झालं तसं त्याने सांगितलं. टॉवरच्या पार्किंगमध्ये मागच्या बाजूला मित्र बसलेले. एकाने ग्लास हातात दिला. दुपारभर प्यायला. संध्याकाळी उलट्या केल्या, उरलेली बाटली बेसिनमध्ये ओतली, त्यानंतर आजपर्यंत हात लावला नाही.

“दादा, घसरणं होतं,” मी म्हटलं. हे आम्ही सगळ्यांना सांगतो आणि ते खरंही असतं. “वहिनींना काय सांगितलंत?”

“तिचा फोन आलेला संध्याकाळी. प्यायला नाहीत ना, विचारलं. मी म्हटलं, छे.”

झालं. प्यायला होता ते भांडणाच्या खात्यात गेलं असतं. ‘छे’ दुसऱ्या खात्यात जमा झालं होतं.

मोठ्या मॅडमनी त्याला नियम सांगितला आणि एकत्र बैठक थांबवली. बायकोने विचारलं तर, थोडं एकेकट्याने काम करायचं आहे, एवढंच सांगायचं. त्याला धाकट्या भावाच्या लग्नाचं निमित्त मिळालं. मे महिन्यात हळद होती. “हळद होऊ दे, मॅडम. हळद झाली की सांगतो. घरात मोठी सून ती. आत्ता सांगितलं तर सगळ्या कार्याचा विचका होईल.” मोठ्या मॅडम म्हणाल्या, “ठीक, पण तारीख तुम्ही पुढे ढकलताय, आम्ही नाही.” मला म्हणायचं होतं ते छापण्यासारखं नव्हतं.

हळदीच्या तीन-चार दिवस आधी माझ्या फोनवर त्याच्या बायकोचा मेसेज आला. ‘मॅडम बघा.’ खाली हात जोडलेले, आणि एक फोटो.

बाळकुम नाक्यावर, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, बांबूच्या चौकटीवर ताणलेला फ्लेक्स. ठाण्यात फ्लेक्स कशाचाही लागतो. दहावी पास झाल्याचा, कुत्र्याच्या वाढदिवसाचा, गावाहून परत आल्याचा. असा मात्र मी पाहिला नव्हता. मधोमध आमचा माणूस, पांढरा शर्ट, काळा गॉगल, मागे उगवता सूर्य आणि एक धावणारा घोडा. वर लाल अक्षरात: दारू सोडून एक वर्ष पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शेजारी बायको हात जोडून, तिच्याखाली ‘यशामागची शक्ती’. आणि तळाशी, रिवाजाप्रमाणे, शुभेच्छुकांची रांग. गोल चौकटीत पाच-सहा तोंडं, सगळ्यांना गॉगल.

फोटो आला त्यानंतर थोड्याच वेळात तो स्वतः केंद्रात आला. शर्ट घामाने चिकटलेला.

“बापाने केलं,” तो म्हणाला. “मला सरप्राइज.”

“शुभेच्छुक कोण आहेत?”

“बापाने मित्रांना फोटो मागितले. त्याला काय माहीत कोण कुठला. हे सगळे होळीचे.” त्याने फोनवर बोट ठेवलं. “ह्याने ग्लास दिलेला.”

ज्याने ग्लास दिला तो खाली शुभेच्छा देत होता. मी पत्रकात हे लिहिलं असतं तर गटातल्यांनी अतिशयोक्ती म्हणून खोडलं असतं.

त्याचं म्हणणं असं होतं की मी जाऊन वडिलांना सांगावं, केंद्राच्या नियमात हे बसत नाही, फ्लेक्स उतरवा. म्हणजे त्याला काही सांगावं लागणार नाही. मोठ्या मॅडम म्हणाल्या, “नियम आहेच की. माणसाची ओळख उघड करू नये, हे खरंच आहे. तेवढंच सांग. त्याचं काम त्याच्यासाठी करून येऊ नकोस.”

मी गेले. गल्लीत, त्यांच्या जुन्या बैठ्या घरापुढे, मांडव घालायचं काम चाललेलं. घराच्या मागच्या बाजूला टेम्पोतून बिअरचे क्रेट उतरत होते, एकावर एक, छातीपर्यंत. पुढे दारू सोडल्याचं अभिनंदन, मागे क्रेट. मला कोणाला तरी झापायचं होतं. समोर त्याचे वडील आले, धोतर, बंडी, कानावर अर्धी विडी.

“या मॅडम, या. बगितलाव फ्लेक्स? कसा हाय?”

“बघितला काका. पण तो काढायला हवा.”

“कनाला?”

का काढायचा, ते मी सांगितलं. उपचार ही खाजगी गोष्ट असते, माणसावर दडपण येतं, केंद्राचा नियम आहे. म्हातारा शांतपणे ऐकत राहिला. खुर्ची पुढे ओढून मला बसवलं आणि मग बोलला.

“मॅडम, तो या नाक्यावर गटारीत परला तवा आख्ख्या गावानी बगला. तवा कोनी बोलला नाय का ही खाजगी गोस्ट हाय. पोरांनी फोटू कारले, मोबाईलवर फिरवले. आता त्यानी सोरली, तं मी दारं लावून पेढं वाटू? लाज गावात गेली. मान पन गावातच परत येल.”

आमच्या धंद्यात लाज कशी कमी करायची याच्यावर पुष्कळ वाचायला मिळतं. गेलेला मान कुठल्या नाक्यावर परत द्यायचा, याच्यावर काही नाही.

मी क्रेटकडे बोट दाखवलं. “आणि हे?”

“हलद हाय, मॅडम. पावन्यांना काय कोकम पाजू?”

“दादांसमोर?”

“त्याचे समोरच. चावी त्याचेकरं देतूं मी.” मग त्याने मला चावीचं समजावून सांगितलं. हळदीला मालाच्या खोलीची चावी घरच्या मोठ्या मुलाकडे असते, तो त्याचा मान. मागे एका लग्नात ती चुलतभावाकडे दिली आणि निम्मा माल गायब झाला. “आता यो पीत नाय. याचेपेक्षा चोख मानूस कोन?”

हिशेब बिनचूक होता. दारू सोडलेल्या माणसाला बापाने प्रेमापोटी दोन गोष्टी दिल्या होत्या: अख्ख्या गावासमोर खोटं आणि खोलीभर दारूची चावी. दोन्ही सन्मान म्हणून.

एवढ्यात ती आतून सरबत घेऊन आली. हाताला मेंदी, चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेली ऐट. माझ्या शेजारी बसली, फोन काढला, फ्लेक्सचा फोटो मोठा करून दाखवला.

“लग्नातला फोटो आहे माझा. शेजारी सासूबाई होत्या, त्यांना कापलं. हा त्यांचा खांदा बघा, थोडा राहिलाय.” मग खालच्या आवाजात, “त्या असताना यांनी सोडली असती तर…” ते तिने तसंच ठेवलं. “उद्या माझ्या माहेरचे सगळे येणार. बाबाही येणार. मी म्हटलं, रिक्षा नाक्यावर थांबवा आणि आधी वर बघा.”

मी सरबत पीत होते.

“मॅडम, तुम्हाला आवडला नाही का?”

“तुमचा फोटो चांगला आलाय,” मी म्हटलं. ते खरं होतं. दुसरं खरं बोलायची मला परवानगी नव्हती.

निघताना तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला. आम्ही त्याच्याच गॉगलखाली उभे होतो.

“बापाने ऐकलं नाही ना?”

“नाही. त्यांचं बरोबर आहे. त्यांना माहीत आहे त्याच्या हिशेबाने त्यांचं सगळं बरोबर आहे.”

“आता तर सांगताच येणार नाही. तिचा फोटो आहे वर.”

“तिचा फोटो आहे म्हणूनच सांगायचं, दादा. उद्या तिचे वडील त्याच्याखाली उतरतील. दवाखान्याच्या दारात बसलेले तेच वडील.”

हे नियमात बसतं की नाही, मला माहीत नाही. रिक्षावाला म्हणाला, बसताय का? मी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कळव्याला आले. घरात पाहुणे जमू लागलेले, आणि तिला वाटलं काही तरी गोळ्यांचं काम असेल. पर्समध्ये वरातीच्या वाजंत्र्याला द्यायची सुपारीची पुडी होती, ती वाटेत पोचवायची होती. ती खुर्चीच्या टोकावर बसली, लवकर निघायचं म्हणून. मोठ्या मॅडमनी त्याच्याकडे बघितलं.

“होळीला प्यायलेलो,” तो म्हणाला. “तू फोन केलास तेव्हा छे म्हटलं, ते खोटं.”

तिने विचारलं, “कोणाबरोबर?”

त्याने फोन पुढे केला. तिने फ्लेक्सचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि एकेका शुभेच्छुकावरून बोट फिरवू लागली.

“हा?”

“हो.”

“हा?”

“हो.”

“हा पण?”

“तो नाही. त्याला शुगर आहे.”

मला हसू आलं असतं. तिला नाही आलं. “आणि हे सगळे माझ्या पायाशी उभे,” ती म्हणाली. “काल मी हा फोटो माझ्या आख्ख्या माहेरात पाठवला.”

पलीकडे मशीन सुरू झालं. तिने ते थांबायची वाट बघितली. तिला ऐकू यायला हवं होतं.

“फ्लेक्स लागला नसता तर सांगितलं असतंत?”

मोठ्या मॅडम काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“नसतं,” तो म्हणाला. “हळदीनंतर म्हणालो असतो. मग लग्न होऊ दे, मग पाऊस होऊ दे. नसतं सांगितलं.”

“मी पहिल्या दिवशी इथे काय बोललेले?”

“खोटं बोललो तर जाशील.”

“हां. तर जाणार.” तिने पर्स उचलली. “पण दिराची हळद लागू दे, लग्न लागू दे. त्याने काय केलंय? घाणा मी भरीन. फक्त त्या फ्लेक्सखालून जाणार नाही. माझा फोटो काढा त्यावरून.”

“तुझा एकटीचा कसा निघेल?”

“तो तुमचा प्रश्न.”

चपला घालताना ती मला म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं.” प्रश्न नव्हता. मी मान हलवली. ती सुपारीची पुडी तपासून जिना उतरली. तो मागोमाग उतरला, दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून.

पत्रक असतं तर मी इथे थांबले असते. उद्गारचिन्ह दिलं असतं. दारूने संसार मोडला, बघा.

हळदीला मला आमंत्रण होतं. अशील मंडळींच्या कार्याला सहसा आम्ही जात नाही, पण मोठ्या मॅडम म्हणाल्या, “नाही गेलीस तर म्हातारा ते मनाला लावून घेईल. दुपारी जा, जेव आणि उजेडात परत ये.”

नाक्यावर बांबूची चौकट रिकामी होती. सुतळीची टोकं लोंबत होती आणि चौकटीतून मागचा अर्धा बांधलेला टॉवर दिसत होता. मांडवात घाणा भरायची तयारी चाललेली. मुसळाला आंब्याची पानं बांधलेली, आणि जोड्यांनी मिळून ते धरून हळकुंडं कांडायची, अशी रीत. कडेला लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण घसा खाकरून बसलेली. पहिली जोडी घरातली मोठी, म्हणजे ती दोघं. ती हिरव्या साडीत, तो टॉवेल खांद्यावर टाकून. एकाच मुसळावर चार हात, आणि दोघं दोन दिशांना बघत होते.

तेवढ्यात कोणी एक आत्या कडाडली. “अगो, फ्लेक्स कुठं गेला? परवा तं व्हता. मी खास गॉगल बगायला आलूं!”

सगळे हसले. म्हातारा मांडवाच्या खांबापाशी उभा होता. तो पटकन म्हणाला, “वाऱ्यानी फाटला.”

मे महिना होता. मांडवाची झालरसुद्धा हलत नव्हती.

मुसळ थांबलं. ती सासऱ्यांकडे वळून म्हणाली, “वारा नव्हता, बाबा. आम्ही काढला.”

“कनाला?” आत्या.

“लावायची घाई झालेली.”

“घ्या! आमचेकरं लावलेला फ्लेक्स जल्ला कोनी कारीत नाय, नि यांचा दोन दिसांत कारला!”

धवलारणीने गाणं धरलं आणि मुसळ पुन्हा चालू झालं. तो तिच्याकडे बघत होता. ती हळकुंडांकडे. ‘आम्ही’ हा शब्द तिने मुद्दाम वापरला की सवयीने, हे मी तिला पुढे कधी विचारलं नाही.

जेवताना म्हातारा माझ्या पानाशी येऊन उभा राहिला.

“त्यानी सांगितला मना. सगला.” मग हातातली वड्यांची परात सावरत, “तुमाला ठावं व्हता?”

“होतं, काका.”

“नि तुमी सरबत पिऊन गेलाव.”

“आमचं काम तसंच आहे.”

“वंगाल काम हाय,” तो म्हणाला आणि माझ्या पानात स्वतःच्या हाताने आणखी एक वडा वाढला.

चावीचं काय झालं, ते मी बाहेर पडताना बघितलं. मालाच्या खोलीपुढे प्लास्टिकची खुर्ची टाकून म्हातारा स्वतः बसला होता. चावी कमरेच्या करदोड्याला. पोरं येऊन मागत होती, तो एकेकाला नाव घेऊन, मोजून मापून, शिव्या देत माल काढून देत होता आणि परत कुलूप लावत होता. खुर्चीतून उठायचा तेव्हा आधी मुलगा कुठे आहे ते बघायचा. मुलगा पंगतीत भात वाढत होता.

लग्न लागलं आणि ती मुलीला घेऊन माहेरी गेली. बोलली होती तसं. बाळकुमात काय बोललं गेलं ते मला केंद्रात बसून कळत होतं: तो पीत होता तेव्हा राहिली, सोडली तेव्हा निघून गेली, कसली बाई. म्हणजे नवरा प्यायला तरी दोष तिचा, थांबला तरी दोष तिचा. जिने नवऱ्याला हाताला धरून कळव्यापर्यंत आणलं, तिच्याबद्दल हे. असं बोलणाऱ्यांचे फ्लेक्स कोणी लावत नाही, हे एक बरं आहे.

त्याने एक केलं. ज्याने ग्लास दिला होता त्यालाच नाक्यावर गाठून, चारजणांसमोर सांगितलं की ती माझ्या खोट्यामुळे गेली, उगाच तिला बोलू नका. त्या मित्राने त्याला वर्षभर टोमणे मारायला पुरेल एवढा माल मिळवला. पण बोलणं कमी झालं.

एकत्र बैठका पुन्हा सुरू झाल्या. ती विठ्ठलवाडीहून यायची, तो बाळकुमहून, आणि दोघं कळव्याला आमच्या बाकावर भेटायचे. सुरुवातीला मधे एक जागा सोडून. ती त्याला होळीच्या दुपारबद्दल पुन्हा पुन्हा विचारायची, तेच प्रश्न, आणि तो तीच उत्तरं द्यायचा. एकदा तो वैतागला. “किती वेळा सांगू?”

“एकसारखं येतंय का बघते,” ती म्हणाली.

येत होतं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती मुलीला घेऊन बाळकुमला परत गेली. मला वाटलं होतं ती जाणार नाही. मी मोठ्या मॅडमना विचारलंसुद्धा, तिने ठरवलं कशावरून? त्या म्हणाल्या, “तिलाच विचार.” मी विचारलं. ती म्हणाली, “शाळा तिकडे आहे ना.” मग ओढणी नीट केली. “आणि त्या दिवशी ते ‘नसतं’ म्हणाले. ‘असतं’ म्हणाले असते तर मी आलेच नसते.”

पावसाळ्यातल्या एका बैठकीत मोठ्या मॅडमनी त्याला सहज विचारलं, “किती दिवस झाले आता बंद होऊन?”

तो सुरू झाला. “तसं बघायला गेलं तर मागच्या वर्षीच्या मेपासून, म्हणजे मधली ती एक…”

“होळीपासून,” ती म्हणाली. “आम्ही होळीपासून धरतो.”

त्याने मान हलवली. पलीकडे मशीन सुरू झालं आणि दोघं ते थांबायची वाट बघत बसले. मधली जागा आता नव्हती.

या वर्षी होळीच्या आधी म्हाताऱ्याचा मला फोन आला. केंद्राच्या नंबरवर नाही, थेट माझ्या.

“मॅडम, हावली आली. वरीस झाला. या बारीला खरा वरीस हाय. लावू कं?”

“काका, मला नका विचारू. सुनेला विचारा.”

“तिलाच इचारला. ती बोलली मॅडमना इचारा.”

“मग नको.”

“बारका लावतूं. त्याचा एकट्याचा. शुबेच्चुक कोन नाय, निस्ता मी.”

“काका…”

“गल्लीचे आत. नाक्यावर नाय.”

त्याच्या मागून तिचा आवाज आला, स्पष्ट, हसण्याच्या बेतात असलेला. “बाबा, ठेवा फोन आधी.”

त्याने ठेवला.